आयपीसी वाढला, कॅश-मिसेस घटल्या, वेळ मात्र जिथल्या तिथे: हार्डवेअर काउंटर नेमके वाचायचे कसे?

अर्धविराम (धागाकर्ता)

प्रोग्रामचे स्वरूप आधी सांगतो. मेमरीत सुमारे ८ जीबीचा हॅश तक्ता आहे आणि एकाच थ्रेडमधून त्यात १५ कोटी शोध घेतले जातात. किल्ल्या यादृच्छिक आहेत आणि जवळपास सगळ्या सापडतात. जुन्या आवृत्तीत प्रत्येक खान्याला लिंक्ड लिस्ट होती. नव्या आवृत्तीत एकच सलग अ‍ॅरे आहे आणि खाना भरलेला असेल तर पुढचा बघायचा (लिनिअर प्रोबिंग). नोंद १६ बाइटची: ८ किल्ली, ८ मूल्य.

पर्फ स्टॅटचे (प्रोसेसरमधले हार्डवेअर काउंटर वाचणारे लिनक्सचे साधन) आकडे, तक्ता भरण्याचा काळ -डी (मोजणी उशिरा सुरू करायचा पर्याय) देऊन वगळलेला. आयपीसी म्हणजे एका सायकलमागच्या इन्स्ट्रक्शन, कॅश-मिस म्हणजे हवा तो डेटा कॅशमध्ये न सापडणे:

जुनी: सायकल ३० अब्ज, इन्स्ट्रक्शन १२.६ अब्ज, आयपीसी ०.४२, कॅश-मिसेस २७ कोटी, वेळ ८.६ सेकंद.
नवी: सायकल ३०.५ अब्ज, इन्स्ट्रक्शन १८.३ अब्ज, आयपीसी ०.६०, कॅश-मिसेस १९ कोटी, वेळ ८.७ सेकंद.

आयपीसी दीडपटीच्या जवळ गेला, कॅश-मिसेस तीस टक्क्यांनी खाली आल्या आणि वेळ तसूभरही हलला नाही. एकाच आज्ञेत बारा इव्हेंट (मोजायच्या घटना) मागितले होते. प्रत्येक ओळीपुढे कंसात ३८% च्या आसपासचा आकडा येतो, तो कशाचा? प्रोसेसर इंटेलचा, स्कायलेक पिढीतला सर्व्हरवाला, हायपरथ्रेडिंग (एका कोरवर दोन लॉजिकल थ्रेड) चालू. यातला कोणता आकडा खरा मानायचा?

---

टिकटिक

घड्याळाचा. बाकी सगळी सजावट.

---

खटपट्या

टिकटिक यांच्याशी निम्मा सहमत, उरलेल्या निम्म्यावर नंतर येतो. आधी कंसातले ३८%.

त्या पिढीत हायपरथ्रेडिंग चालू असताना प्रत्येक लॉजिकल थ्रेडच्या वाट्याला सर्वसाधारण काउंटर ४ येतात. बायोसमध्ये हायपरथ्रेडिंग बंद केले तर ८. शिवाय ठरावीक कामाचे ३ असतात: इन्स्ट्रक्शन, सायकल आणि रेफरन्स सायकल. (आइस लेकपासून हायपरथ्रेडिंग चालू असतानाही थ्रेडमागे ८ आहेत.) तुम्ही मागितले बारा. मग कर्नल पाळी लावतो: थोडा वेळ हे चार, थोडा वेळ ते चार. कंसातला टक्का म्हणजे तो इव्हेंट एकूण वेळेपैकी किती काळ प्रत्यक्ष मोजला गेला. पर्फ जो आकडा छापतो तो मोजलेली संख्या × चालू ठेवलेला वेळ ÷ प्रत्यक्ष मोजलेला वेळ असा ताणलेला असतो. म्हणजे ३८% असेल तर उरलेला ६२% हा अंदाज.

काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखे असेल तर हा अंदाज चालून जातो. टप्प्याटप्प्याचे असेल तर नाही. आणि दोन इव्हेंटचे गुणोत्तर काढताना त्यांची पाळी वेगवेगळ्या वेळी आलेली असेल, तर ते गुणोत्तर म्हणजे सकाळच्या धावा भागिले संध्याकाळची षटके.

उपाय दोन. एक, इव्हेंट महिरपी कंसात बांधा: -ई '{सायकल्स,इन्स्ट्रक्शन्स,ब्रँच-मिसेस,कॅश-मिसेस}'. असा गट एकत्रच काउंटरवर चढतो आणि एकत्रच उतरतो. गट काउंटरांपेक्षा मोठा केलात तर 'नॉट काउंटेड' येईल, आणि ते ताणलेल्या आकड्यापेक्षा बरे. दोन, एका फेरीत एकच गट चालवा आणि फेऱ्या वाढवा.

---

ओव्हरफ्लो

खटपट्या, एक भर. एनएमआय वॉचडॉग (कर्नल अडकला तर ओळखणारा पहारेकरी) चालू असेल तर सायकलचा एक काउंटर त्याने कायमचा अडवून ठेवलेला असतो. मग तुमची 'सायकल' ठरावीक काउंटर सोडून सर्वसाधारण चारांत येऊन बसते आणि चाराचे तीन उरतात. /प्रॉक/सिस/कर्नल/एनएमआय_वॉचडॉग मध्ये ० लिहा, मोजणी झाली की परत १. 'चारांचा गट केला तरी मोजला जात नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते.

आणि -डी हे आंधळे आहे. ते मिलिसेकंद मोजते, तक्ता भरून झाला की नाही हे त्याला कळत नाही. दोन आवृत्त्यांचा भरण्याचा वेळ वेगळा असेल तर एकीत भरण्याची शेपटी मोजणीत येईल, नाहीतर दुसरीत शोधाचे डोके कापले जाईल. त्याऐवजी पर्फ स्टॅटला -डी -१ द्या, म्हणजे काउंटर बंद स्थितीत सुरू होतात, आणि --कंट्रोलला एक फिफो (नाव दिलेला पाइप) द्या. प्रोग्रामने शोध सुरू होण्याआधी त्यात 'इनेबल' लिहायचे, संपल्यावर 'डिसेबल'. पोचपावतीचा दुसरा फिफोही देता येतो. तो द्याच, नाहीतर काउंटर सुरू होण्याआधी तुमचे लूप पुढे निघून गेलेले असते.

---

वाचनमात्र

माझ्याकडे साध्या वापरकर्त्याने चालवले की इव्हेंटच्या नावापुढे ':यू' लागते. कंटेनरमध्ये तर चालतच नाही. रूट व्हावेच लागते का?

---

ओव्हरफ्लो

@वाचनमात्र: नाही. कर्नल.पर्फ_इव्हेंट_पॅरानॉइड हा आकडा बघा. कर्नल ४.६ पासून मूळ किंमत २ आहे. तिच्यात साध्या वापरकर्त्याला स्वतःच्या प्रोसेसचा फक्त यूजर-स्पेसचा भाग मोजता येतो, म्हणून ते ':यू'. १ केले की कर्नलचा भागही येतो. ० केले की पूर्ण सीपीयूची मोजणी, म्हणजे -ए. काही वितरणांनी स्वतःचा पॅच लावून २ च्या वरच्या, आणखी कडक किमती ठेवल्या आहेत. कर्नल ५.८ पासून कॅप_पर्फमॉन ही वेगळी परवानगी आली, त्यामुळे रूटची सगळी ताकद द्यायची गरज उरली नाही.

कंटेनरमध्ये डॉकरचे मूळ सेककॉम्प (सिस्टम कॉल गाळणारे) प्रोफाइल पर्फ_इव्हेंट_ओपन ही सिस्टम कॉलच अडवते. परवानगी द्या, नाहीतर यजमानावरून -पी किंवा सीग्रुप देऊन मोजा. व्हर्च्युअल मशीनमध्ये 'नॉट सपोर्टेड' दिसले तर पाहुण्याला पीएमयू (काउंटरांचे हार्डवेअर) दिलेलाच नाही, तिथे आतून काही होणार नाही.

आणखी एक: पीएमयू नसताना पर्फ रेकॉर्ड गुपचूप सीपीयू-क्लॉकवर, म्हणजे टायमरवर जातो. चालल्यासारखे दिसते. पण कर्नलमध्ये इंटरप्ट बंद असलेल्या भागातले सगळे नमुने इंटरप्ट पुन्हा चालू होतात त्या ओळीवर जमा होतात. त्या ओळीला 'हॉटस्पॉट' समजून लोक तिच्या मागे लागतात.

---

निळासावळा

कॅश-मिसेस या इव्हेंटबद्दल. हे नाव सर्वसाधारण आहे, त्याच्यामागचा अर्थ नाही. इंटेलवर ते शेवटच्या पातळीच्या कॅशचे चुकणे मोजते. एएमडी झेनवर कर्नल तेच नाव एल२ च्या (दुसऱ्या पातळीच्या कॅशच्या) चुकण्याला जोडतो. ६४ बिटी आर्मवर तर ते एल१ डेटा कॅशच्या रिफिलला जोडलेले आहे. दोन वेगळ्या यंत्रांचे 'कॅश-मिसेस' शेजारी ठेवून तुलना करणारे तक्ते दिसतात, त्यांना काही अर्थ नाही. पर्फ लिस्ट काढा आणि त्या प्रोसेसरचा स्वतःचा इव्हेंट नावाने मागा.

दुसरे, हार्डवेअर प्रीफेचरने (लागेल असे वाटणारा डेटा आधीच आणणारा भाग) आणलेली कॅशची ओळ या आकड्यात येते की नाही हे पिढीवर अवलंबून आहे. सलग अ‍ॅरेत पुढची ओळ बऱ्याचदा प्रीफेचर आणून ठेवतो. तुमच्या ३०% घटीतला काही भाग 'चुकणे टळले' असा नसून 'चुकणे दुसऱ्याच्या खात्यावर गेले' असा असू शकतो. मेमरीवरचा खरा ताण हवा असेल तर मेमरी कंट्रोलरचे अनकोर (कोरच्या बाहेरचे) काउंटर आहेत: अनकोर_आयएमसी मधले कॅस_काउंट_रीड, प्रत्येक गणनेला ६४ बाइट. ते प्रोसेसनुसार वेगळे होत नाहीत, -ए द्यावाच लागतो आणि यंत्रावर बाकी काही चालू नको.

---

मुक्ता_प

आयपीसीबद्दल कोणीच बोलले नाही म्हणून. आयपीसी ही स्वतंत्रपणे 'जास्त तितकी चांगली' अशी गोष्टच नाही. अंशात इन्स्ट्रक्शन आहेत, आणि फालतू इन्स्ट्रक्शन वाढवल्या तरी तो वाढतो. स्पिनलॉकवर घिरट्या घालणाऱ्या थ्रेडचा आयपीसी देखणा असतो. उलट, लूप वेक्टराइझ केले की इन्स्ट्रक्शन चौपटीने घटतात, आयपीसी पडतो आणि प्रोग्राम मात्र वेगवान होतो.

म्हणून भाजक बदला. आकडे तुमच्या कामाच्या एककाने भागा, इथे एका शोधाने. १५ कोटींनी भागल्यावर:

जुनी: शोधामागे ८४ इन्स्ट्रक्शन, २०० सायकल, १.८ कॅश-मिस.
नवी: शोधामागे १२२ इन्स्ट्रक्शन, २०३ सायकल, १.२७ कॅश-मिस.

आता प्रश्न नीट दिसतो. ३८ इन्स्ट्रक्शन वाढल्या कुठून, आणि अर्धा मिस वाचूनही सायकल का नाही वाचल्या?

अर्धविराम, तक्ता किती भरलेला आहे?

---

टिकटिक

सहा तज्ज्ञ मिळून अजून 'नवी आवृत्ती वेगवान नाही' एवढेच सिद्ध करताहेत. ते माझ्या घड्याळाने पहिल्याच ओळीत सांगितले होते.

---

खटपट्या

टिकटिकराव, घड्याळ 'नाही' म्हणते, 'का नाही' ते सांगत नाही. आणि घड्याळही नीट लावावे लागते. स्केलिंग गव्हर्नर 'परफॉर्मन्स' वर, टर्बो बंद (इंटेल_पीस्टेट मधला नो_टर्बो = १), टास्कसेटने एका कोरवर बांधलेले, त्या कोरचा जुळा थ्रेड रिकामा, दोन सॉकेट असतील तर नुमाकंट्रोलने मेमरी त्याच नोडवर. मग पर्फ स्टॅट -आर १०, म्हणजे शेवटी ± टक्का येतो. ८.६ आणि ८.७ मधला फरक त्या ± च्या आत असेल तर त्यावर बोलूच नये.

सायकलही घड्याळाइतकीच फसवी आहे. मेमरीचा विलंब नॅनोसेकंदात ठरलेला. वारंवारिता वाढली की त्याच विलंबात जास्त सायकल मावतात. त्यामुळे टर्बो चालू असताना मेमरीवर अडलेल्या प्रोग्रामच्या सायकल वाढतात आणि वेळ तोच राहतो. सायकल आणि रेफरन्स सायकल दोन्ही मागा, त्यांचे गुणोत्तर वेगवेगळ्या फेऱ्यांत हलत असेल तर वारंवारिता हलते आहे.

---

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. वॉचडॉग बंद, टर्बो बंद, चारांचे गट, --कंट्रोलने फक्त शोधाचे लूप. एकूण सायकल व वेळ जवळपास तेच. कॅश-मिसेस मात्र आता २६ आणि २२ कोटी येतात, म्हणजे फरक आधी वाटला त्यापेक्षा कमी. ब्रँच-मिसेस (ब्रँच कुठे वळेल याचे चुकलेले अंदाज) जुनीत ४.५ कोटी, नवीत १४ कोटी.

@मुक्ता_प: तक्ता ९०% भरलेला.

---

मुक्ता_प

९०% म्हटल्यावर ३८ इन्स्ट्रक्शनचा उलगडा झाला. लिनिअर प्रोबिंगमध्ये सापडणाऱ्या किल्लीसाठी सरासरी (१ + १/(१−α))/२ खाने तपासावे लागतात. α म्हणजे तक्त्याचा भरलेला भाग. α = ०.९ ला ५.५ खाने. ०.७ ला हेच २.१७. न सापडणाऱ्या किल्लीला सूत्र (१ + १/(१−α)²)/२, म्हणजे ०.९ ला ५०.५! तुमच्या किल्ल्या सापडतात म्हणून निभावते आहे.

हे साडेपाच खाने कॅशच्या ६४ बाइटच्या दोन-तीन सलग ओळींतच असतात, म्हणून ते तपासणे स्वस्त. स्वस्त इन्स्ट्रक्शन वाढल्या, आयपीसी वर गेला. तुमच्या आयपीसीचे रहस्य एवढेच.

---

निळासावळा

ब्रँच-मिसेस तिप्पट झाल्या तरी हिशोब फार मोठा होत नाही. एका चुकीला १५ ते २० सायकल धरा. १४ कोटी × २० = २.८ अब्ज. ३०.५ अब्जांत ते १० टक्केही नाही. माझ्या मते ब्रँच सोडा, टीएलबीकडे (पानांचे पत्ते लक्षात ठेवणारा छोटा कॅश) बघा.

---

अनामिक_बिट

निळासावळा, इथे असहमत. २० सायकल ही पाइपलाइन पुन्हा भरण्याची किंमत झाली. ब्रँच चुकली हे *कळायला* किती वेळ लागला तो त्यात नाही. या लूपमधली ब्रँच कशावर अवलंबून आहे? मेमरीतून येणाऱ्या किल्लीवर. ती किल्ली डीरॅममधून (मुख्य मेमरीतून) यायला अंदाजे ८० नॅनोसेकंद, साडेतीन गिगाहर्ट्झला २८० सायकल. तेवढा वेळ प्रोसेसर अंदाजाच्या वाटेवर पुढे धावतो आणि शेवटी ते सगळे फेकून देतो.

खरे नुकसान वेगळेच आहे. स्कायलेकचा रीऑर्डर बफर २२४ जागांचा. म्हणजे प्रोसेसर एका वेळी साधारण २२४ इन्स्ट्रक्शन पुढे पाहतो. (मायक्रो-ऑप, म्हणजे प्रोसेसर इन्स्ट्रक्शन फोडून करतो ते तुकडे, आणि इन्स्ट्रक्शन एकच धरतो आहे, ढोबळ हिशोब.) जुन्यात शोधाला ८४, म्हणजे त्या खिडकीत पावणेतीन शोध मावतात. त्या शोधांचे मेमरीचे फेरे एकमेकांवर चढतात, २८० सायकलचा खर्च वाटला जातो. नव्यात शोधाला १२२, म्हणजे पावणेदोन शोध. त्यात जवळपास दर शोधाला एक चुकीची ब्रँच. चुकीची वाट पुढच्या शोधापर्यंत पोहोचलीच नाही, तर पुढच्या शोधाचा फेरा सुरूच होत नाही.

थोडक्यात, मिस कमी झाल्या पण प्रत्येक मिस महाग झाली, कारण ती एकटी पडली. कॅश-मिसेसची संख्या हे सांगत नाही. ते सांगणारे दोन इव्हेंट इंटेलवर आहेत: एल१डी_पेंड_मिस.पेंडिंग आणि एल१डी_पेंड_मिस.पेंडिंग_सायकल्स. पहिल्याला दुसऱ्याने भागा, म्हणजे एका वेळी सरासरी किती मिस हवेत आहेत ते येते. वरची मर्यादा एल१ च्या फिल बफरांची (येणाऱ्या ओळींसाठी राखलेल्या जागा), पिढीनुसार १० ते १६. दोन्ही इव्हेंट एकाच गटात बांधा, नाहीतर खटपट्या सकाळ-संध्याकाळचे सामने पुन्हा सांगतील.

---

ओव्हरफ्लो

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

---

जुनीवही

याला टॉप-डाउन पद्धत आहे ना? अहमद यासीन यांनी २०१४ मध्ये मांडलेली. रिटायरिंग, बॅड स्पेक्युलेशन, फ्रंटएंड बाउंड, बॅकएंड बाउंड असे चार कप्पे. पर्फ स्टॅट -एम टॉपडाउनएल१ द्या आणि मोठा कप्पा उघडत खाली जा. हातानेच इव्हेंट निवडायचे तर शंभर दिशांना भरकटता येते.

---

अनामिक_बिट

जुनीवही, पद्धत उत्तम आहे, सुरुवात तिथूनच करावी. पण या ठिकाणी ती थोडी चकवते. टॉप-डाउन *जागा* मोजते: त्या पिढीत दर सायकलला ४. चुकीच्या वाटेवरच्या ऑप रीऑर्डर बफर भरेपर्यंत जागा खातात, ते 'बॅड स्पेक्युलेशन'. बफर भरला की पुढचे दोनशे सायकल मेमरीची वाट बघण्यात जातात, ते सगळे 'बॅकएंड बाउंड → मेमरी बाउंड'. अहवाल सांगेल 'मेमरी ७०-८०%, ब्रँच किरकोळ'. तो खोटा नाही. पण मेमरीची वाट *एकेकट्याने* का बघावी लागते याचे कारण ब्रँच आहे, आणि ते त्या कप्प्यात दिसत नाही.

शिवाय आइस लेकच्या आधीच्या पिढ्यांत हायपरथ्रेडिंग चालू असेल तर जुळा थ्रेड रिकामा ठेवूनच टॉप-डाउन घ्या. आइस लेकपासून त्यासाठी चौथा ठरावीक काउंटर आहे, तिथे सर्वसाधारण काउंटर न खर्चता पहिली पातळी मिळते.

---

वाचनमात्र

पर्फ अ‍ॅनोटेटमध्ये माझ्याकडे ४०% नमुने एका साध्या बेरजेच्या इन्स्ट्रक्शनवर दिसतात. बेरीज एवढी महाग?

---

ओव्हरफ्लो

बेरीज निर्दोष आहे, तिच्या आधीची ओळ बघा. काउंटर भरून इंटरप्ट येईपर्यंत प्रोसेसर पुढे सरकलेला असतो, आणि वाट बघायला लावणाऱ्या लोडऐवजी त्या लोडवर थांबलेल्या पुढच्या इन्स्ट्रक्शनवर ठपका येतो. इव्हेंटला ':पीपी' लावा. इंटेलवर त्याने पेब्स सुरू होते आणि प्रोसेसर स्वतःच पत्ता नोंदवतो. एएमडीवर त्या कामाला आयबीएस, आर्मवर एसपीई. या धाग्यातल्या प्रश्नासाठी: पर्फ रेकॉर्ड -ई बीआर_मिस्प_रिटायर्ड.ऑल_ब्रँचेस:पीपी. कोणती ब्रँच चुकते ती नेमकी ओळ मिळेल. लोडसाठी पर्फ मेम रेकॉर्ड, त्यात प्रत्येक नमुन्याला लागलेल्या सायकल आणि डेटा कुठल्या पातळीवरून आला तेही येते.

कॉल स्टॅक हवा असेल तर फ्रेम पॉइंटर ठेवून कंपाइल करा (-एफनो-ओमिट-फ्रेम-पॉइंटर). ड्वार्फ (डीबग माहितीवरून स्टॅक काढणे) वापरलेत तर दर नमुन्याला मूळ मापाने ८१९२ बाइट स्टॅक फाइलीत जातो. फाइल फुगते आणि 'लॉस्ट' नमुने दिसू लागतात.

---

चौकट

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

खटपट्या

अवांतर: फक्त एखादे लहानसे फंक्शन मोजायचे असेल तर फिफोचा खर्चच त्या फंक्शनहून मोठा होतो. तिथे पर्फ_इव्हेंट_ओपन करून मिळालेला फाइल डिस्क्रिप्टर एममॅप करा आणि यूजर-स्पेसमधून आरडीपीएमसीने काउंटर वाचा. सिस्टम कॉल टळते. एममॅप पानावरचा 'लॉक' आकडा वाचनाआधी आणि नंतर सारखाच आहे ना हे बघावेच लागते, नाहीतर मध्येच काउंटर बदलला गेल्याचे कळत नाही. इंडेक्स ० असेल तर काउंटर त्या क्षणी हार्डवेअरवर नाही. हे सगळे हाताने करायचा कंटाळा असेल तर पापी किंवा लाइकविडचे मार्कर वापरा (लाइकविड-पर्फसीटीआर -एम).

फ्लॉप (फ्लोटिंग पॉइंट क्रिया) मोजणाऱ्यांसाठी जाता जाता: हॅसवेलवर त्याचे इव्हेंटच नाहीत. ब्रॉडवेलपासून परत आले, आणि तिथे एक एफएमए (गुणाकार आणि बेरीज एकदम करणारी) इन्स्ट्रक्शन दोनदा मोजली जाते. ते मुद्दाम आहे, पुन्हा दोनने गुणू नका.

---

अर्धविराम

मूळ प्रश्नाकडे. अनामिक_बिट यांनी सांगितलेले गुणोत्तर नव्या आवृत्तीत १.८ आले. बीआर_मिस्प चे जवळपास सगळे नमुने 'किल्ली जुळली का' या एकाच ब्रँचवर. मुक्ता_प यांच्या आकड्यांवरून सुचणारा, तक्ता कमी भरण्याचा उपाय मेमरीच्या मर्यादेमुळे करता येत नाही, तक्ता दुप्पट करायला जागा नाही.

म्हणून शोध १६-१६ च्या जुडग्यात केले. आधी सोळा किल्ल्यांचे हॅश काढून प्रत्येक खान्याला सॉफ्टवेअर प्रीफेच, मग सोळांची तपासणी. आकडे: सायकल १४ अब्ज, इन्स्ट्रक्शन १९.८ अब्ज, वेळ ४ सेकंद. ब्रँच-मिसेस तेवढ्याच, १४ कोटी. कॅश-मिसेस २३ कोटी, म्हणजे उलट किंचित जास्त! ते गुणोत्तर ४ च्या आसपास.

---

टिकटिक

८.७ चे ४. घड्याळ सहमत आहे.

---

अनामिक_बिट

ब्रँच तेवढ्याच चुकतात, पण आता ती चूक लगेच कळते, कारण किल्ली तोवर एल१ मध्ये येऊन बसलेली असते. निळासावळा यांचा २० सायकलचा हिशोब *आता* लागू होतो: १४ अब्जांत २.८, म्हणजे वीस टक्के. पुढचे काम हवे असेल तर तिथे आहे. चार किल्ल्या एकदम सिम्डने (एका इन्स्ट्रक्शनने अनेक मूल्यांवर काम) तुलना करून मास्क काढा, ब्रँच एका शोधाला एकाच्या आसपास आणि बरीच अंदाजाजोगी होते.

गुणोत्तर ४ वर फार विसंबू नका. सॉफ्टवेअर प्रीफेचने धरलेला फिल बफर पुढच्या खऱ्या लोडने गाठला तरच तो इव्हेंट त्याला मोजतो. वेळेवर पोहोचलेले प्रीफेच त्यातून निसटतात, म्हणजे खरा आकडा ४ हून मोठा असू शकतो.

---

निळासावळा

ब्रँचचा मुद्दा मान्य. टीएलबीचा सोडत नाही. ८ जीबी आणि ४ केबीची पाने म्हणजे सुमारे २१ लाख पाने. स्कायलेकचा दुसऱ्या पातळीचा टीएलबी १५३६ नोंदींचा. प्रत्येक शोधाला पेज वॉक (पानांच्या तक्त्यातून पत्ता शोधणे) ठरलेला. प्रीफेचनेही तो टळत नाही, इंटेलवर सॉफ्टवेअर प्रीफेच टीएलबी चुकला तरी वॉक करून घेतो, एवढेच की तो आता इतर कामाच्या पडद्याआड जातो. डीटीएलबी_लोड_मिसेस.वॉक_अ‍ॅक्टिव्ह भागिले सायकल काढून बघा.

---

अर्धविराम

वॉक_अ‍ॅक्टिव्ह सायकलच्या एक तृतीयांशाहून जास्त आहे. पण २ एमबीची पाने घेतली तरी ४०९६ होतात, तीही १५३६ मध्ये मावत नाहीत. मग फायदा कसला?

---

निळासावळा

टीएलबी चुकेलच, वॉक स्वस्त होतो. ४ केबीच्या पानांना शेवटच्या पातळीच्या नोंदी २१ लाख × ८ बाइट = १६ एमबी. त्या स्वतःच एल२ मध्ये मावत नाहीत, म्हणजे डेटा आणायच्या आधी पत्ता शोधायलाच एल३ किंवा मेमरीचा फेरा. २ एमबीला त्याच नोंदी ४०९६ × ८ = ३२ केबी, त्या एल२ मध्ये निवांत राहतात, आणि वॉकची एक पायरीही कमी होते. १ जीबीची पाने मिळाली तर आठच लागतात. त्यांच्यासाठी दुसऱ्या पातळीत वेगळ्या १६ नोंदी आहेत, म्हणजे चुकणे जवळपास संपते. पण ती बूटच्या वेळीच राखून ठेवणे शहाणपणाचे. नंतर सलग १ जीबी मिळणे कठीण.

आधी २ एमबी करून बघा. तक्ता २ एमबीच्या सीमेवर घ्या, पहिल्यांदा लिहिण्याआधी एमअ‍ॅडव्हाइज(एमएडीव्ही_ह्यूजपेज) करा. नंतर /प्रॉक/पीआयडी/एसमॅप्स मध्ये त्या भागाचे 'अ‍ॅनॉनह्यूजपेजेस' बघा. तिथे ८ जीबीच्या जवळपास आकडा दिसत नसेल तर पाने मिळालेलीच नाहीत, आणि मग पर्फ पुन्हा चालवण्यात अर्थ नाही.